उसनी कळ

जेवताना फोन वाजला आणि हौसाचा घास तोंडातच राहिला. पलीकडून पुनर्वसन केंद्रातली शर्वरी म्हणाली, "भगीरथदादा, माझा डावा कुल्ला जळतोय. उचला अंग."

भगीरथनं चाकाच्या खुर्चीवर हात रोवून अंग उचललं. कणा मोडल्यापासून बसून बसून जखम पडली तरी त्याला कळत नसे. म्हणून खुर्चीतली चकती त्याची कळ दुसऱ्याच्या अंगात पोचवायची. ते माणूस त्यानंच निवडायचं होतं, आणि त्यानं बायको सोडून शर्वरीला निवडलं होतं.

"नवरा माझा आणि दुखतं तिला," हौसा म्हणाली. "मी काय मेले होते?"

"तू धावत येऊन मलाच उचलतेस. मग मी शिकायचं कधी?"

दुसऱ्या दिवशी हौसानं त्याला हो म्हणायला लावून, केंद्रात भांडून कळ स्वतःकडे घेतली. भाकरी थापताना तिचा कुल्ला पेटला. सवयीनं धावत जाऊन तिनं त्याच्या काखेत हात घातले, आणि दात खाऊन हात मागे घेतले.

"उचला की."

त्यानं हात रोवून स्वतःच अंग उचललं. तिच्या अंगातली आग विझली आणि कसं गार वाटलं.

"हे सुख ती टवळी महिनाभर एकटीच भोगत होती," हौसा म्हणाली.