बिल्डचा क्रम
आमचे सात सॉफ्टवेअर प्रोजेक्ट एकमेकांवर अवलंबून. कोणता आधी बिल्ड करायचा, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्रॅम बनवायचा, हे फक्त निवृत्तीला टेकलेल्या काकांना ठाऊक. बारा वर्षं सगळं त्यांनी लिहिलेल्या स्क्रिप्टवर चाललं होतं. आज त्या स्क्रिप्टच्या जागी नवीन टूल निवडायची मीटिंग होती, पण त्यांच्यादेखत तोंड उघडायची कुणाची छाती होईना. शेवटी आमच्या मॅनेजर मॅडमनीच विचारलं, "काका, तुमचं मत?" "रविवारी हे टूल घरी चालवून पाहिलं," काका म्हणाले. "सातही प्रोजेक्टचा क्रम त्यानं आपला आपण लावला. वर माझी जुनी चूकही दाखवली!" सगळे चपापले. "वाईट वाटलं?" मॅडमनी हळूच विचारलं. "वाईट? अहो, नात तीन महिन्यांची झाली, अजून मांडीवर घेतली नाही. मी हललो की बिल्ड अडायचं!" त्यांनी खिशातून रजेचा अर्ज काढला. "टूल हेच घ्या. आणि यावर लगेच सही करा, गाडी चारची आहे!"