खुळखुळा

लस टोचून झाली, ठमीचं रडणंही थांबलं. निघताना तिची आई हसून म्हणाली, “सासूबाईंचं काहीतरीच! हाक मारली तरी ही वळत नाही म्हणे.” नर्सबाईंनी दोघींना पुन्हा बसवलं, ठमीला मांडीवर आईकडे तोंड करून. तिच्या पाठीमागून त्यांनी उजवीकडे खुळखुळा वाजवला. ठमी वळली. डावीकडे वाजवला, तिकडेही वळली. “बघा, कसले तिखट कान आहेत! सांगतेच आता सासूबाईंना!” नर्सबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, पेन उचललं, पण मनात पाल चुकचुकली. ठमीच्या आधी दरवेळी आईची नजर खुळखुळ्याकडे जात होती. “ताई, जरा डोळे मिटा बरं.” आईने मिटले. नर्सबाईंनी ठमीच्या कानाजवळ जोरजोरात खुळखुळा वाजवला. “वळली ना हो?” आईने विचारलं. ठमी गुडघ्यांवर उठली होती आणि इवल्या बोटांनी आईच्या पापण्या उघडू पाहत होती.