अठ्ठाविसांची हजेरी

"आजपासून तू नागुबाई," अक्काताई म्हणाली आणि तिनं मालुबाईचा पदर नाकातोंडावरून घेऊन मागं घट्ट बांधला. "मान वर करायची न्हाय. नागुबाई म्हणून हाक आली तर हजर म्हणायचं."

"मुकादमानं ओळखलं तर?"

"तो बायका मोजतो. तोंडं बघत न्हाय."

मालुबाईला कामावरून कमी करून पाच दिवस झाले होते. मंदीची सालं होती. निपाणीत तंबाखूला उठाव नव्हता. बाळगोंडा शेटनी आपल्या वखारीतल्या चाळीस बायकांपैकी बाराजणींना घरी बसवलं. मुकादम दोन होते, गुंडाप्पा आणि भरमा. त्यांतल्या भरमालाही यायचं बंद करायला सांगितलं. बाराजणींसाठी बायका हळहळल्या. भरमाचं कुणाला फारसं वाटलं नाही. मुकादम तो मुकादम.

अक्काताई वखारीत सगळ्यांत जुनी. बाजारच्या दिवशी तिनं चाळीसजणींना आपल्या परड्यात बोलावलं. बाराजणींच्या घरी भाकरी पोचवायची, असं आधी ठरत होतं. अक्काताईनं ते ऐकून घेतलं.

"भाकरी आठ दिस देशीला. पुढं?" ती म्हणाली. "जागा अठ्ठावीस हायत. आपण चाळीस. पाळीपाळीनं बसू. जी बसंल तिचा पगार."

नागुबाईनं मांडीवरची पोर खाली ठेवली. तिचा नवरा बैलगाडीवरून पडून पाय मोडून घेऊन घरात होता. तरी तीच म्हणाली, "उद्या माझ्या जागी मालू बसू दे."

वखारीत तंबाखूचा खकाणा असा उडे, की दाराच्या आत पाऊल टाकायच्या आधीच बायका पदर आणि मुकादम उपरणं तोंडावरून बांधून घेत. डोळे तेवढे उघडे. त्या दिवशी मालुबाई नागुबाईच्या चाळणीमागं बसून तंबाखूतल्या शिरा वेचू लागली. मुकादम हातात काठी घेऊन ओळीतून फिरला. तिच्यापाशी घटकाभर थांबला. मालुबाईनं मान आणखी खाली घातली. मग तो पुढं गेला आणि अठ्ठावीस मोजून दाराशी जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तीनजणी बदलल्या. आठवड्यानं पाच.

मुकादम त्या दिवसांत कमीच बोलायचा. पूर्वी कामाला गती यावी म्हणून सारखा ओरडायचा, आता काठी आपटून खुणावायचा. दिवस मावळला, की कधी "बास" म्हणायचा, कधी कानडीत "साकु". बायकांनी त्याच्याकडं मान वर करून बघायचं सोडूनच दिलं होतं. आपल्या डोळ्यांवरून आपण ओळखू येऊ, ही प्रत्येकीला भीती.

पगार कमी झाला, पण कुणाच्या घरची चूल बंद पडली नाही. आणि एक गोष्ट कुणी धरली नव्हती. जिची पाळी घरी बसायची, ती दिवसाउजेडी घरात असे. नागुबाईनं कैक वर्षांनी पोरीच्या डोक्याला सावकाश तेल चोळलं. एकीनं गळका कौलारू सोपा स्वतः शाकारला. मालुबाई आपल्या सुट्टीच्या दिवशी नागुबाईच्या नवऱ्याच्या पायाला लेप लावून यायची. पाणवठ्यावर चाळीसजणी हसून बोलायच्या.

दुसरा महिना सरता सरता एका दुपारी शेट अचानक वखारीत आले. हातात नावांची यादी होती.

"गुंडाप्पा, किती बायका?"

मुकादमानं तोंडावरचं उपरणं सारखं केलं. "अठ्ठावीस, अण्णा."

शेट एकेक नाव वाचू लागले. प्रत्येक नावाला "हजर" येत गेलं. त्या दिवशी त्यांतल्या अकराजणी दुसऱ्याच होत्या.

"नागुबाई."

"हजर," मालुबाई म्हणाली.

शेटनी यादीतून डोळे वर केले. "नवऱ्याचा पाय कसा हाय गं?"

मालुबाई विधवा होऊन सहा वर्षं झाली होती. अक्काताईनं डोळे मिटले.

"बरा हाय, अण्णा. काठी घेऊन दारापतुर जातो."

"कुठल्या पायाला लागलंय?"

"डाव्या. गुडघ्याच्या खाली."

शेट पुढं आले. आणखी दोन पावलं आणि ते तिच्यासमोर उभे राहिले असते. तेवढ्यात मुकादम जोरजोरात खोकू लागला. खोकता खोकताच त्यानं दाराकडं हात केला. शेटनाही ठसका लागला. ते यादी नाकाशी धरून बाहेर गेले ते परत आत आले नाहीत.

"देवानंच राखलं," घरी जाताना मालुबाई म्हणाली.

चौथ्या महिन्यात माल उठू लागला. एका संध्याकाळी काम सुटताना मुकादमानं बसक्या आवाजात सांगितलं, "सोमवारपासनं चाळीसच्या चाळीस. शेटचा निरोप हाय." बायका एकमेकींचे हात धरून बाहेर पडल्या. बाहेर उभ्या असलेल्या सुट्टीच्या बायकांना बातमी कळली आणि रस्त्यात गलका झाला.

अक्काताई मागं राहिली.

"मुकादम, एक सांगायचं हाय. चार महिनं आम्ही तुमास्नी फशिवलं."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. नागुबाई डावखुरी हाय. त्या दिवशीची नागुबाई उजव्या हातानं शिरा येचत हुती."

"मग शेटला सांगितलं का न्हाय?"

मुकादम दाराची कडी ओढू लागला. अक्काताईला हलकं वाटलं, आणि पाठोपाठ लाज वाटली.

"भरमाची तेवढी आम्ही कुणी चौकशी केली न्हाय," ती म्हणाली. "त्याच्याबी घरात खाणारी तोंडं हुती. एक दिस कुणी त्याच्या दारात गेली न्हाय. कसा हाय वो त्यो?"

मुकादमानं कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि तोंडावरच्या उपरण्याची गाठ सोडली.

"बरा हाय, आक्का," भरमा म्हणाला. "आज गुंडाप्पाची घरी बसायची पाळी."