आठाचे पाच

“पाच,” हार्लन म्हणाला.

झाले होते आठ. कोरिननं गोल्फच्या छोट्या गाडीत बसल्या बसल्या नवऱ्याचा एकेक फटका मोजला होता. त्यातले तीन तर नुसते वाळूतच गेले होते. सोबत खेळणाऱ्या वेंडल प्रूइटनं मान वर न करता कार्डावर आकडा लिहिला. त्याची बायको लुसिंडा शेजारच्या गाडीत टोपीनं वारा घेत बसली होती. गेले तीन होल हेच चाललं होतं.

गोल्फमध्ये पंच नसतो. आपले फटके आपण सांगायचे, सोबत्यानं लिहायचे, शेवटी सही करायची. फटके चोरणाऱ्याशी कोणी भांडत बसत नाही. त्याला पुन्हा बोलावत नाहीत, एवढंच. आणि हार्लन तर जन्मभर लोकांच्या जमिनी इंचाइंचानं मोजलेला माणूस. एकदा जिल्ह्याची स्पर्धा जिंकून घरी येताना त्याला आठवलं, की आपण एक फटका कमी सांगितला. अर्ध्या वाटेतून माघारी फिरून त्यानं करंडक परत केला होता. जेवण गार झालं म्हणून कोरिन तेव्हा त्याच्यावर चिडली होती. आज तोच माणूस आठाचे पाच सांगत होता, आणि अगदी खरेपणानं सांगत होता. त्याला पाचच आठवत होते.

हे डॉक्टरांना ठाऊक होतं आणि कोरिनला. तिसऱ्या कोणाला कळता कामा नये, असं हार्लननं तिच्याकडून वदवून घेतलं होतं. तिनं शब्द पाळला. त्यापायी गावातल्या मैत्रिणी तुटल्या, घरी येणंजाणं थांबलं. मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला. दिवसभर दोघंच एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची. म्हणून ती त्याला घेऊन इथं कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर आली होती. क्लबाच्या आवारात घर घ्यावं, त्याला खेळायला मिळेल, आपल्याला बोलायला माणसं मिळतील, एवढीच तिची आस होती.

पण घर विकत मिळालं तरी क्लबात शिरकाव प्रूइटांसारख्या दोन सभासदांनी शब्द टाकल्यावरच. म्हणून घर बघायला आलेल्यांना क्लब तीन दिवस पाहुणे म्हणून ठेवून घेई. बघणं दोन्हीकडून चाले, आपल्याकडे मुलगी बघतात तसं. घरं दाखवणाऱ्या डार्लीननं काल पाच घरं दाखवली होती. कोरिननं पाचही घरांना नाक मुरडलं. एकाला जिने फार, दुसऱ्याचं स्वयंपाकघर पश्चिमेला, तिसऱ्याच्या काचा चेंडूंनी फुटायच्या. डार्लीननं हात टेकले नाहीत, ही तिची भलाई.

नवव्या होलनंतर जेवायची सुट्टी झाली. नवरे हात धुवायला गेले. क्लबाच्या व्हरांड्यात कोरिन आणि लुसिंडा दोघीच उरल्या. समोर चीज-मिरचीचं सँडविच आणि गोड गार चहा. कोरिननं सँडविचला हात लावला नाही. खरं बोलावं तर नवऱ्याला दिलेला शब्द मोडतो, आणि अशा आजाऱ्याला इथं कोण घेणार? गप्प बसावं तर इतका सचोटीचा माणूस चोर ठरतो. ते मात्र तिला सोसवेना.

“लुसिंडाबाई,” ती म्हणाली, “माझा नवरा लबाड नाही. त्याच्या लक्षात राहत नाही. दोन वर्षं झाली. तुम्ही आमच्यासाठी शब्द टाकू नका, चालेल. पण त्याला लबाड म्हणू नका.”

लुसिंडानं शांतपणे तोंडातला घास संपवला आणि आपल्या नवऱ्याच्या खुर्चीवर पडलेलं कार्ड कोरिनपुढे सरकवलं.

कोरिननं चष्मा लावला. हार्लनच्या नावापुढे नऊ वेळा पाच लिहिलं होतं. वेंडलच्या नावापुढेही नऊ वेळा पाच.

“बुधवारी आम्ही सगळ्यांना पाचच लिहितो,” लुसिंडा म्हणाली. “बाराजण खेळतात. त्यातल्या चौघांना मोजता येत नाही. कोणते चौघं, ते विचारायचं नाही.”

“वेंडल?”

“विचारायचं नाही म्हटलं ना. सँडविच खा.” मग ती जरा पुढे झुकली. “काल गाडीत तुझ्या नवऱ्यानं डार्लीनला तिच्या गावाचं नाव तीनदा विचारलं. तिचा बाप आमच्या बुधवारच्या खेळातलाच होता गं. तिनं संध्याकाळीच मला फोन केला. तुमचा खेळ उद्या गुरुवारी ठरला होता, मी तो आज बुधवारी आणला.”

कोरिनला दोन वर्षं दाबून ठेवलेलं रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. लुसिंडा तिच्याकडे न बघता तिच्या ग्लासात चहा ओतत राहिली.

नवरे परत आले. हार्लननं कार्ड उचललं, बेरीज करून पाहिली, पुन्हा एकदा केली आणि खिशातलं पेन काढून सही ठोकली. पंचेचाळीस म्हणजे या वयाला वाईट नाही, असं तो वेंडलला म्हणाला. वेंडलनं आपलेही पंचेचाळीसच झाल्याचं सांगितलं, तेव्हा दोघं मनापासून हसले.

तेवढ्यात डार्लीन किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली. आज आणखी चार घरं बघायची होती. कोणतं आधी दाखवू, असं तिनं विचारलं.

“कुठलंही घेते,” कोरिन म्हणाली. “जिने असले तरी चालतील. फक्त राहायला यायचा दिवस मंगळवार असू दे. दुसऱ्याच दिवशी बुधवार.”