सात उत्तरांपुढचं नाव

"एक्क्याण्णव!" देशमाने बाईंनी निकालाचा कागद हर्षलाच्या हातात ठेवला. शिष्यवृत्तीला नव्वद लागत होते. हर्षलाला आनंदानं रडूच फुटलं.

"मागची बाजूही वाच," बाई म्हणाल्या.

परीक्षेत यंत्र मुलांच्या आठवणीतून उत्तरं वाचून घेई आणि प्रत्येक उत्तर कुणी शिकवलं, तेही नोंदवी. हर्षलाच्या कागदावर बहुतेक नावं शिक्षकांची होती. गणिताच्या सात उत्तरांपुढे मात्र नाव होतं तस्लीम शेख. तिच्याच बाकावरची मैत्रीण. दोन वर्षं मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तिनं हर्षलाला गणित समजावलं होतं. तस्लीमला अठ्ठ्याऐंशी पडले होते.

"शिकवल्याबद्दल तू तिला दोन गुण देऊ शकतेस," बाई म्हणाल्या. "पण ते तुझ्यातून वजा होतील. सही करायची की नाही, तुझं तू ठरव."

हर्षलानं मनात वजाबाकी केली. एकोणनव्वद. तिनं सही न करताच कागद परत दिला.

व्हरांड्यात तस्लीम थांबली होती. "मिळाली?"

"मिळाली."

तस्लीमनं तिला घट्ट मिठी मारली. हर्षला ताठच उभी राहिली. "तस्लीम, अगं, त्या कागदावर..."

"ठाऊक आहे. ज्याचं नाव येतं, त्यालाही कळवतात." तस्लीम बाजूला झाली. "मी नकोच म्हणाले असते गं. पण तू एकदा विचारायचंस तरी."

मग ती वर्गात गेली आणि खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली.