डोंगरापलीकडचा पाडा

“सांग पाहू, भारताला खंड न म्हणता उपखंड का म्हणतात?”

मुख्याध्यापकांचा प्रश्न पुरा होताच आठवीतली रविना उभी राहिली. “आशियाच्या जमिनीला तो जोडलेलाच आहे. पण मध्ये हिमालय आडवा आला, म्हणून वेगळा पडला. जसा डोंगरापलीकडचा पाडा. नकाशावर गावातच असतो. पण त्याचा वारा वेगळा, पाणी वेगळं.”

टाळ्या कडाडल्या. “हे उदाहरण आपल्या गोजर सरांचं!” मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले. “आज मुरबाडपासून शहापूरपर्यंत प्रत्येक शाळेत हेच शिकवतात.”

सत्काराची शाल सावरत गोजर सरांनी हात जोडले. उपखंडाला ठरलेले माप नाही. त्यामुळे पुस्तकातली व्याख्या मुलांच्या डोक्यावरून जाई. पंचवीस वर्षांपूर्वी वर्गात शिकवताना हे उदाहरण अचानक त्यांच्या ओठांवर आले होते. ते कुठून आले, हे त्यांनी स्वतःला कधी विचारले नव्हते.

समारंभ आटोपला. खिचडीच्या शेडपाशी एक बाई भलामोठा टोप घासत होती. सरांनी तिला ओळखले. हिराबाई, रविनाची आई आणि सरांची जुनी विद्यार्थिनी. नववीत भूगोलात दोन गुणांनी नापास झाली आणि तिची शाळा सुटली ती सुटलीच. दिवाळीनंतर लग्न झाले.

“लेक हुशार आहे गो तुझी,” सर म्हणाले. “पाठांतर नाही, समजून बोलली.”

“घरी मीच सांगितलं तिला.” हिराबाईने राखेचा हात टोपावर फिरवला. “आमचा पाडा डोंगराच्या पल्याड. पेपरात मी तेच लिवलं व्हतं, सर. तुमी लाल पेनानी काट मारली. बाजूला लिवलं, ‘पुस्तकातील व्याख्या लिही.’”

सरांना ते वळणदार, लाल अक्षर लख्ख आठवले. अक्षर त्यांचेच होते. उदाहरण नव्हते.

“रागावले नाय मी,” ती म्हणाली. “एवढंच इचारते. आता तेच उत्तर कुनी लिवलं, तर किती मार्क देतात?”

खांद्यावरची शाल सरांनी हळूच काढली. ती कुठे ठेवावी, हे त्यांना कळेना. ते खाली मान घालून म्हणाले,

“दोन.”