चाखणाऱ्याचं नाक

“रोझमेरी मस्त मुरलीय,” दिगंबर मटणाच्या स्टेकवर वाकून म्हणाला. या खेपेला हेमलताने रोझमेरीचा सुगंधी पाला घातलाच नव्हता. तिने मान डोलावली आणि स्टेक पॅनवर टाकले.

तापानंतर त्याचं नाक गेलं, त्याला चार महिने झाले. म्हणजे नाक जागेवर होतं, वास तेवढा येत नव्हता. नाशिकजवळच्या एका वायनरीत वाइन चाखणं हीच त्याची नोकरी. रजा संपली होती आणि उद्या मालकांसमोर नव्या पिंपांतल्या वाइनची चाचणी होती. “आलाय गं वास परत,” असं तो सकाळपासून सांगत होता; आज रंगीत तालीम होती.

मांस खालून करपत असताना दिगंबर शेजारी उभा राहून, चरबीदार मांसाला तांबडी वाइनच का लागते, ते समजावत होता. हेमलताने खिडकी उघडली.

जेवताना तिने बाटली उघडली आणि ओल्या गोणपाटासारखा कुबट वास आला. वाइनला बूच बाधलं होतं; खराब बुचामुळे ती नासली होती. अशी बाटली ओळखून बाजूला काढायचाच तर त्याला पगार मिळायचा.

त्याने ग्लास फिरवला, हुंगला, घोट घेतला आणि चोरून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सवयीने ती हसली.

“जांभूळ,” तो सुटकेने म्हणाला. “मागून जराशी दालचिनी. स्टेकला अगदी साजेशी. उरलेली उद्या मालकांना चाखायला नेतो.”

“एवढी चांगली आहे, तर मालकांना कशाला?” हेमलता म्हणाली आणि उरलेली सगळी वाइन तिने स्वतःच्या ग्लासात ओतून घेतली.